फाटक कुठं दणकट हवं, कुठं साधं चालतं

पशुपालक बंधू-भगिनींनो, नमस्कार.

लाळ-खुरकूताची लस टोचायला डॉक्टर वस्तीवर आलेत. घरधनी दूध घालायला डेअरीवर गेलाय. घरात वहिनी एकट्या आहेत आणि गोठ्यात आठ-दहा गाई मोकळ्या. मग शेजारच्या पोरांना हाका मारायच्या, दोरी शोधायची, गाईंच्या मागं पळायचं. कालवडी बिथरतात, एखादी गाभण गाय शेणावरून घसरते आणि डॉक्टर हाती लागतील तेवढी जनावरं टोचून पुढच्या वस्तीवर जातात. अहिल्यानगरपासून सांगलीपर्यंत मुक्त संचार गोठे झाले, ते चांगलंच झालं. पण दावण सुटली, की जनावर धरायचं कसं, याचा विचार बहुतेक गोठ्यांत राहून गेलाय. माझ्या मते हे काम माणसांच्या संख्येवर नव्हे, तर दोन-तीन नीट बसवलेल्या फाटकांवर अवलंबून आहे. आणि ती फाटकं लहान शेतकऱ्याच्या ऐपतीत बसतात.

पैसे वाचवायचे, तर सगळी फाटकं सारखी करून घेऊ नका. आधी गोठ्यात उभं राहून जनावरांचा रेटा कुठं येतो ते बघा. बाहेरच्या कुंपणाच्या तोंडावर गाई क्वचितच दाटी करतात. तिथं दोन्ही बाजूंना खांब रोवा, खांबांना सळईचे वाकवलेले आकडे वेल्ड करा आणि तीन-चार आडवे पाईप त्यांत सरकवा. कोकणात कुंपणाच्या बेड्याला, म्हणजे वाटेच्या तोंडाला, आडव्या काठ्या सरकवतात, तसंच. बिजागरी नाही, कडी नाही. जाड बांबूसुद्धा चालतो, फक्त तो दर एक-दोन वर्षांनी बदलावा लागेल. काटेरी तारेचं फाटक मात्र गाईंसाठी कुठंच नको. सडाला तार लागली, की फाटकावर वाचलेले पैसे औषधात जातात.

खरा खर्च करायचा तो खोड्यावर, म्हणजे एक जनावर उभं धरून ठेवायच्या अरुंद पाईपी कप्प्यावर, आणि खोड्याकडं नेणाऱ्या फाटकावर. संकरित गाईसाठी खोडा आतून सव्वादोन ते अडीच फूट रुंद आणि साधारण साडेपाच ते सहा फूट लांब ठेवतात. त्याहून रुंद केला, तर कालवड आतल्या आत वळते आणि तोंड तुमच्याकडं करून उभी राहते. खिल्लारसारखी लांब शिंगांची जनावरं असतील, तर पुढच्या बाजूचं माप शिंगं बघून ठरवा. मागं फाटक लागत नाही. आडवा पाईप सरकवायची सोय पुरते, पण तो पाईप निसटता कामा नये, कारण रेतन करताना आणि गाभण तपासताना डॉक्टर तिथंच, जनावराच्या मागं उभे असतात. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना सांसर्गिक गर्भपाताची (ब्रुसेलोसिसची) लस देतात, ती जिवंत जंतूंची असते. जनावर हललं आणि सुई टोचणाऱ्याच्या हातात गेली, तर तो आजार माणसालाही होऊ शकतो. म्हणून इथं काटकसर करू नका, असं मी कळकळीनं सांगते.

खोड्याकडं नेणारं फाटक आठ फुटी बोळात दहा फुटांचं ठेवा. बोळापेक्षा लांब असलं, की ते तिरकं अडवून हलत्या भिंतीसारखं वापरता येतं. गाई पुढं, मध्ये फाटक आणि तुम्ही फाटकाच्या मागं. एकेक पाऊल पुढं सरकायचं आणि फाटकाची साखळी कुंपणावरच्या पुढच्या आकड्यात अडकवायची. काठी नको, आरडाओरडा नको. गुरं भिंतीच्या कडेकडेनं कोपऱ्याकडं जातात, म्हणून खोड्याचं तोंडही कोपऱ्यात काढा. भिंतीच्या मधोमध दार ठेवलं, तर गाई त्यावरून पुढं निघून जातात.

आता लोखंडाकडं वळू. दीड इंची पाईप, सव्वातीन मिलिमीटर जाडीचा, मीटरला साडेतीन किलोच्या आसपास भरतो. दोन मिलिमीटर जाडीचा सव्वादोन किलो. बारा फुटी, पाच आडव्या पाईपांचं फाटक जाड पाईपात केलं, तर ते ऐंशी किलोच्या घरात जातं. पातळ पाईपात पन्नासच्या. दर किलोवर असतो, त्यामुळं जाड पाईप सगळीकडं वापरणं म्हणजे उगाच पैसे पुरणं. खोड्याला आणि त्याकडं नेणाऱ्या फाटकाला जाड, बाकीच्याला पातळ. ट्रॅक्टर आत न्यायला बारा फूट हवेतच, तर सहा-सहा फुटांची दोन पाखं करा. बिजागरीवरचा ताण बराच कमी होतो.

बोअरमध्ये मोटारीला पूर्वी लावलेले जीआयचे, म्हणजे जस्ताचा थर दिलेले, पाईप भंगारात मिळतात. आतून गंजून पातळ झालेले नसतील, तर फाटकाला उत्तम. वेल्डिंगच्या जागी जस्ताचा थर ग्राइंडरनं काढायला सांगा आणि काम उघड्यावर करू द्या. जस्ताच्या धुरानं वेल्डरला ताप भरतो. नंतर सांध्यांवर झिंक प्रायमर मारा, नाहीतर गोमूत्र आधी तिथंच खातं.

एक गोष्ट वेल्डरला मुद्दाम सांगावी लागते, कारण तो घराची फाटकं करत आलेला असतो. वर भाल्याची टोकं नकोत. बाहेर आलेली कडी नको, ती बरगडीला फाडते. कडी पाईपात मागं सरकणारी हवी किंवा साधी साखळी, आणि ती दोन्ही बाजूंनी एका हातानं उघडली पाहिजे. खालच्या पाईपांमधलं अंतर इतकं कमी हवं, की वासराची मान अडकणार नाही. तिरका आधार बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यातून कडीकडच्या वरच्या कोपऱ्यात जावा.  फाटकाखाली चाक लावायचा आग्रह करतील, पण शेण-चिखलात चाक फिरत नाही. आणि वरच्या बिजागरीची खुंटी खाली तोंड करून बसवा. म्हशी डोक्यानं फाटक उचलून काढतात, ते याच एका खुंटीनं थांबतं.

बिजागरीचा खांब किमान अडीच-तीन फूट जमिनीत, काँक्रीटमध्ये. पोकळ पाईपाचा असेल, तर वरून झाकण वेल्ड करा, नाहीतर पावसाचं पाणी आत साचून तो बुडातून सडतो. त्याच्या शेजारी दुसरा खांब रोवून मध्ये बारा-चौदा इंचांची फट ठेवा. गाय अंगावर आली, तर माणूस तिरका होऊन त्यातून बाहेर पडतो आणि गाय मागं राहते. ही फट जवळजवळ फुकट होते, तरी फार थोड्या गोठ्यांत दिसते. फक्त वासरांच्या कप्प्याला ती नको.

काम झाल्यावर उरलेले पैसे देण्याआधी फाटक अर्धं उघडून सोडून द्या. ते आपोआप फिरू लागलं, तर खांब ओळंब्यात नाही. तो सरळ करून घ्या. मग घरातल्या सगळ्यात बारक्या माणसाला ते उघडून, लावून बघू द्या.

नमस्कार.