पायाखालचं छप्पर

न्यूयॉर्कला जुळ्या मनोऱ्यांच्या जागी झालेलं स्मारक आपण सगळ्यांनी फोटोत पाहिलंय. दोन चौकोनी हौद, चारी कडांवरून आत कोसळणारं पाणी, भोवती ओकची झाडं. लोक तिथे फिरतात ते मात्र छपरावरून. खाली संग्रहालय आहे, यंत्रांच्या खोल्या आहेत, शेजारी रेल्वे स्टेशन आहे. म्हणून सुरुवात तळापासून करू.

हडसन नदी जवळ, आणि जागेचा बराच भाग भरावाचा. १९६०च्या दशकात मनोऱ्यांच्या पायाच्या खोदाईत पाणी शिरू नये म्हणून आधी भोवती भिंत घातली. आपल्याकडे डायफ्राम वॉल म्हणतात तीच. अरुंद चर खणायचा आणि तो बेंटोनाइट नावाच्या चिकणमातीच्या पातळ चिखलाने भरलेला ठेवायचा, म्हणजे कडा ढासळत नाहीत. मग सळयांचा पिंजरा सोडायचा, नळीने तळापासून काँक्रीट भरत यायचं. चिखल आपोआप वर येतो. भिंत सुमारे ३ फूट जाड, ७० फूट खोल, कातळात रुतलेली. खोदाई चालू असताना तिला तिरक्या केबलींनी बाहेरच्या कातळाशी ताणून धरलं होतं. पुढे तळघराचे मजले झाले, त्यांनी ती आतून पेलली, आणि केबली सोडून दिल्या.

११ सप्टेंबर २००१ला नेमके हेच मजले चिरडले गेले. आता भिंतीला टेकू कुणाचा, तर ढिगाऱ्याचा! तो भराभर उचलला असता तर भिंत आत आली असती. लिबर्टी स्ट्रीटच्या बाजूला ती सरकूही लागली होती. म्हणून एक थर काढायचा, त्या उंचीवर भोकं पाडून नव्या केबली कातळात रोवायच्या, ताणायच्या, मग पुढचा थर. नदीखालच्या रेल्वे बोगद्यांना पलीकडच्या काठावर, जर्सी सिटीच्या टोकाला काँक्रीटची बुचं मारली. ढिगारा उपसण्याचं हे काम मे २००२च्या अखेरीस संपलं. त्या भिंतीचा एक भाग संग्रहालयात उघडा ठेवलाय, आणि तिथलं सर्वांत बोलकं स्मारक तोच, असं माझं मत.

स्मारकासाठी २००३मध्ये घेतलेल्या स्पर्धेत ५,२०१ आराखडे आले. निवड झाली वास्तुरचनाकार मायकेल अराड यांच्या आराखड्याची. झाडांची बाजू पीटर वॉकर यांनी सांभाळली. अराड यांनी मृतांची नावं जमिनीखाली, धबधब्यामागच्या गॅलऱ्यांत ठेवली होती. खर्च आणि सुरक्षा या दोन कारणांनी २००६मध्ये ती वर, हौदांच्या काठावर आली. तडजोडच, पण फायद्याची: उघड्यावर, उन्हात नावावरून हात फिरवता येतो. कांशाच्या पत्र्यात अक्षरं आरपार कापलेली असल्यामुळे रात्री त्यांतून खालचा उजेड येतो.

नावं २,९८३; १९९३मध्ये इथेच झालेल्या बॉम्बस्फोटात गेलेले सहा जण त्यांत धरलेत. वर्णानुक्रम नाही. सोबत काम करणारे, नात्यातले, मित्र शेजारी असावेत अशा सुमारे १,२०० विनंत्या कुटुंबांकडून आल्या. एक नाव हलवलं की दुसरीकडची जोडी तुटायची, शिवाय नावांची लांबी कमीजास्त. संगणकाने आधी गट जुळवून दिले, शेवटची मांडणी माणसांनी हाताने केली.

पाण्याचं गणित वेगळं. सलग पडदा सोडायचा तर पाणी फार लागतं. म्हणून काठाला कंगव्यासारखे दाते दिले; वर सुट्या धारा दिसतात, ३० फूट पडेपर्यंत त्या एकमेकींत मिसळतात. हे आधी कॅनडात पूर्ण आकाराचा नमुना बांधून तपासलं होतं.

झाडं चारशेहून जास्त. छपरावरच्या मातीवर हजारो पावलं पडली तर ती दबते, मुळांना हवा मिळत नाही. म्हणून फरशी मातीवर टेकवलेलीच नाही. ती आधारांवर तोललेली आहे, माती खाली मोकळी राहते. साठवलेलं पावसाचं पाणी झाडांना देतात.

ढिगाऱ्यातून सर्वांत शेवटी काढलेला मनोऱ्याचा खांब ३६ फूट उंच, ५८ टनांचा. छप्पर पूर्ण झाल्यावर तो खाली न्यायला वाट उरली नसती. म्हणून २००९मध्येच तो उतरवून ठेवला आणि संग्रहालय त्याच्याभोवती बांधलं. लोकांसाठी ते उघडलं मे २०१४मध्ये.