यंत्र आलं, पाणी कुठाय?

नमस्कार श्रोतेहो. किडनीच्या रुग्णांसाठी दान करायचंय, काय देऊ, असं परवा एकांनी मला विचारलं. म्हटलं, यंत्र सोडून काहीही द्या. ते गोंधळले. तुम्हीही गोंधळला असाल, म्हणून गोष्टच सांगतो.

आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात एका ट्रस्टच्या दवाखान्यात डायलिसिसच्या, म्हणजे किडनीऐवजी रक्त गाळणाऱ्या, नव्या यंत्राचं उद्घाटन होतं. फीत, नारळ, शाली. आता सोलापुरात सत्कार करायचा आणि शाल बाहेरगावची! चादर द्या की. असो. भाषणं संपत आली तेव्हा मागच्या खुर्चीवरून एक मामा उठले. हयात यंत्रमागावर गेलेली, आता आठवड्यातून दोनदा डायलिसिसला येतात. म्हणाले, "शेठ, माग आणला, पण सूत कुठाय?"

कुणाला काही कळेना. मामा म्हणाले, "पाणी हो, पाणी!"

चार तासांच्या एका डायलिसिसला साधारण 120 लिटर पाणी लागतं. तेही आरओचं. एका माणसाला, एका वेळेला, 120 लिटर! शुद्ध करताना वाया जातं ते वेगळंच. उजनी धरण भरलं तरी आपल्या नळाला पाणी किती दिवसांनी येतं, हे मी सांगायला नको.

शेठ रागावले नाहीत. मामांना शेजारी बसवून घेतलं आणि विचारलं, अजून काय लागतं? मामांनी बोटांवर मोजलं. पाण्याची टाकी. लाईट गेली तर जनरेटर. अक्कलकोटहून येणाऱ्या पोराचं एसटीचं भाडं, आणि सोबत येणाऱ्या बापाचा बुडालेला रोज. महिन्याभरात टाकी बसली. भाड्याचे पैसे त्याच दिवशी निघाले.

गरीब देशांत तर बऱ्याच ठिकाणी यंत्रच नसतं. मलेरियानं किंवा जुलाबानं एखाद्या लेकराच्या किडन्या अचानक बंद पडतात. काही दिवस निभावलं तर बहुतेकदा पुन्हा सुरू होतात, पण तेवढे दिवस निभावायचे कसे? त्यासाठी किडनीतज्ज्ञांच्या जागतिक संघटनांनी 2012 पासून 'सेव्हिंग यंग लाइव्हज' हा उपक्रम चालवला. पोटात नळी घालून द्रव सोडायचा आणि पोटातल्या पडद्यातूनच रक्त गाळायचं. विजेची गरज नाही. तयार द्रव मिळाला नाही तर सलाइनच्या बाटलीत ग्लुकोज मिसळून तिथंच बनवतात. दान मुख्यतः कशाचं? तिथल्या डॉक्टर-नर्सना शिकवण्याचं. परक्या मुलखात जाऊन रुग्णसेवा करणं सोलापूरला नवं नाही म्हणा, आपले डॉ. कोटणीस 1938 सालीच चीनला गेले होते.

वेळ संपत आलीय, पण एक राहिलंच. त्या दिवशी निघताना मामांनी माझं बोट धरून आपल्या मनगटावरच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडलेल्या जागेवर, ठेवलं. आत सारखी थरथर. "माग चालू आहे," मामा म्हणाले, आणि लगेच ओरडले, "ओ, दाबू नका!"