डांबर गरम असेपर्यंत

(पुण्यातल्या रस्त्यांवरचा लघुमाहितीपट. निवेदनाची संहिता.)

(दृश्य: रात्र. शहराबाहेरचा हॉटमिक्स प्लांट. फिरणारा ड्रम. डंपरमध्ये धबाधबा पडणारा माल. वाफेत हरवलेला दिवा.)

डांबरी रस्ता म्हणतो आपण, पण त्यात डांबर असतं शंभर किलोला पाच किलोच्या आसपास. बाकी सगळा दगड. आपलाच काळा कातळ, खाणीतून फोडून आणलेला. मोठी खडी, बारीक खडी, कच आणि पिठासारखी भुकटी. हे सगळं भाजायचं, त्यात उकळतं डांबर ओतायचं आणि घोळायचं. चिवड्याला फोडणी लागते तसं प्रत्येक दाण्याला डांबर लागलं पाहिजे. एक जरी खडा पांढरा राहिला, तरी पाणी तिथूनच आत शिरतं.

(दृश्य: थर्मामीटरची दांडी मालात खुपसली जाते. काट्याचा क्लोज-अप.)

एकशे चोपन्न. आकडा चांगला आहे. इथून पुढे घड्याळ सुरू.

(दृश्य: ताडपत्री ओढतात. मागच्या कोपऱ्यात वीतभर फट. डंपर निघतो.)

हा माल रस्त्यावर पसरताना एकशे तीसच्या आसपास असावा लागतो. शंभराच्या खाली गेला की वरून रोलर कितीही फिरवा, दाबल्यासारखा दिसतो, पण दबत नाही. आत पोकळ्या राहतात आणि पुढचा पावसाळा त्या पोकळ्या बरोबर शोधून काढतो. म्हणून प्लांट ते खड्डा हे अंतर किलोमीटरमध्ये मोजून चालत नाही, अंशांत मोजावं लागतं. महापालिकेचा स्वतःचा प्लांट येरवड्याला आहे. शहर मात्र येरवड्याच्या चारी बाजूंना पसरलंय.

ती ताडपत्रीची फट लक्षात ठेवा.

(दृश्य: उपनगरातला रस्ता. बॅरिकेड, लुकलुकता लाल दिवा. मुकादम खडूनं खड्ड्याभोवती चौकोन आखतो.)

खड्डा गोल असतो, मग चौकोन कशाला? पायी जाणारे थांबून हाच प्रश्न विचारत होते. खड्ड्याची कड झिजलेली, भुसभुशीत असते. तिच्यावर नवा माल टाकला तर चार दिवसांत तो पापुद्र्यासारखा निघतो. म्हणून खड्डा आधी मोठा करायचा. कडा उभ्या कापायच्या, पार घट्ट थर लागेपर्यंत.

(दृश्य: ब्रेकर. मग खराटा. मग कॉम्प्रेसरची हवा, धूळ उडते. मग झारी.)

मग झाडायचं. मग हवा मारायची. मग ही झारी. बागेत असते तशीच, फक्त आत पातळ केलेलं डांबर. तळाला आणि चारी कडांना एक हात मारायचा, म्हणजे जुनं आणि नवं एकमेकांना धरतं. याला टॅक कोट म्हणतात. या कामाला दहा मिनिटं लागतात आणि घाई असली की आधी हेच गळतं. त्या रात्री गळलं नाही. आम्ही कॅमेरा घेऊन उभे होतो, हे त्यामागचं एक कारण असू शकेल.

(दृश्य: घमेल्यांनी माल. दाताळं. रोलर पुढे-मागे. आवाज तसाच ठेवावा, निवेदन नाही. २५ सेकंद.)

(दृश्य: दिवस. दुसरा रस्ता. रिकामा, नुकताच डांबर केलेला. निवेदकाच्या हातात पाण्याची बादली.)

रस्ता चांगला की वाईट हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. एक बादली पाणी पुरतं.

(दृश्य: पाणी मध्यभागी ओततात. ओहोळ कडेकडे सरकतो. कॅमेरा जमिनीलगत त्याच्या मागे.)

डांबराचा खरा वैरी पाणी आहे. ट्रक नंतर येतो. पाणी खडीला चिकटलेलं डांबर सोडवतं आणि चाक त्या सुट्या खड्या उडवून नेतं. म्हणून रस्ता मधे किंचित उंच ठेवायचा, माशाच्या पाठीसारखा. मीटरला अडीच सेंटिमीटर उतार. साडेतीन मीटरच्या एका लेनला पावणेनऊ सेंटिमीटर. डोळ्यांना दिसत नाही, पाण्याला समजतं.

(दृश्य: ओहोळ कडेला पोहोचतो आणि थांबतो. पावसाळी गटाराची जाळी बोटभर वर.)

इथं मात्र पाणी पोहोचलं आणि थांबलं. गटाराची जाळी रस्त्यापेक्षा वर राहिलीय. पाण्यानं चढून जावं अशी अपेक्षा असावी.

(दृश्य: ड्रेनेजचं चेंबर, खोल गेलेलं झाकण. दुचाकी त्याला वळसा घालते. आणखी एक. आणखी एक.)

याच रस्त्यावर दोनशे पावलं पुढे उलटा प्रकार. डांबराचे थर चढत गेले आणि चेंबर तिथंच राहिलं. दर वेळी थर टाकताना चेंबर उचलून घ्यायचं असतं. कामाच्या भाषेतही शब्द तोच आहे, ‘चेंबर उचलणे’. निविदेत त्याची वेगळी ओळ असते. न उचललेलं चेंबर म्हणजे पहिल्या दिवसापासून पक्का, लोखंडी तळाचा खड्डा.

(दृश्य: सकाळ. जंगली महाराज रस्ता. झाशीच्या राणीचा पुतळा, बालगंधर्व रंगमंदिर, संभाजी उद्यानाची झाडं. रुंद पदपथावर बाकावर बसलेले आजोबा.)

पुण्यात रस्त्यांचा विषय निघाला की पाचव्या मिनिटाला कुणीतरी म्हणतं, “जेएम रोड बघा!” त्याशिवाय गाडी पुढे जात नाही. तर बघूया.

१९७३ च्या पावसाळ्यात पुण्याच्या रस्त्यांची चाळण झाली. त्या सुमाराला महापालिकेच्या स्थायी समितीचे अध्यक्ष होते श्रीकांत शिरोळे, अगदी तरुण नगरसेवक. त्यांना प्रश्न पडला, की मुंबईत पुण्याच्या तिप्पट पाऊस पडतो, तरी तिथले रस्ते कसे टिकतात? आजच्या मुंबईकरांनी इथं हसून घ्यावं, आम्ही थांबतो.

(दृश्य: रस्त्याच्या पृष्ठभागावरून हळू सरकणारा कॅमेरा. गाड्या. पाताळेश्वराची पाटी.)

शोध घेता घेता रेकॉन्डो ही मुंबईची कंपनी सापडली. दोन पारशी भावांची. हॉटमिक्स तंत्रानं रस्ते करणारी. तेव्हा पुण्यात अजून डांबर रस्त्याच्या कडेला पिंपात तापवून खडीवर शिंपडायची पद्धत होती. काम ठरलं. खर्च सुमारे पंधरा लाख. ते काम निविदा न मागवता दिलं, असं सांगतात. आज ते खपणार नाही आणि खपूही नये. पण त्या कागदात एक गोष्ट होती. दहा वर्षांत खड्डा पडला तर दुरुस्तीचा खर्च कंपनीचा.

१ जानेवारी १९७६ ला रस्ता खुला झाला. पुढचं सगळं दंतकथेसारखं सांगितलं जातं. दहा वर्षांत कंपनीला एकदाही यावं लागलं नाही, त्यानंतरची कित्येक वर्षंही खड्डा पडला नाही, आणि त्या कंपनीला पुण्यात पुन्हा काम मिळालं नाही. शेवटचं वाक्य म्हणताना सांगणारा हमखास डोळा मारतो.

(दृश्य: ड्रोन. रस्ता, त्याला समांतर मुठा नदी.)

पारशी माणसं, सचोटी, जुना काळ, असं म्हणून ही गोष्ट लोक मिटवतात. आम्हाला तसं वाटत नाही. वरून बघा. एका अंगाला फर्ग्युसनकडचा चढ, दुसऱ्या अंगाला मुठा. जमिनीलाच नदीकडे उतार आहे. पाण्याला थांबायला सबब नाही. आणि दुसरं म्हणजे तो कागद. दहा वर्षं माझ्या अंगावर आहेत म्हटल्यावर ठेकेदार स्वतःच थर्मामीटर घेऊन उभा राहतो. त्याच्यावर माणूस नेमावा लागत नाही.

(दृश्य: निविदा सूचनेचं पान. बोट एका ओळीवर.)

हमी आजही आहे. नाव जरा जड आहे, ‘दोषदायित्व कालावधी’. साधारण तीन वर्षं, कुठं पाच. तेवढ्या काळात खराब झालं तर ठेकेदारानं फुकट दुरुस्त करायचं. मग अडतं कुठं?

(दृश्य: नव्या कोऱ्या रस्त्यात सरळ रेषेत कापलेला चर. खाली पाइप. मातीचा ढीग. चर बुजवला जातो: आधी निघालेली मातीच, मग मुरूम, वर डांबराचा पातळ पट्टा.)

इथं. ही पंधरा मिनिटांची चित्रफीत आम्ही न कापता ठेवणार होतो, शेवटी एक मिनिट ठेवली. रस्ता करणारा एक, खोदणारा दुसरा. पाण्याची लाइन, गॅस, वीज, इंटरनेट, प्रत्येकाचं खातं वेगळं आणि प्रत्येकाची परवानगी रीतसर. खोदाईचे पैसे दर मीटरच्या हिशेबानं भरलेले असतात. त्यातूनच चर नीट बुजवायचा असतो, थर थर दाबत. चरात तीच ओली माती लोटली की पहिल्या पावसात ती बसते आणि रस्त्याला लांबलचक घळ पडते. आता हमीवाल्या ठेकेदाराला बोलवा. तो म्हणणार, मी केला तेव्हा अखंड होता, तुम्हीच कापायला परवानगी दिलीत. आणि त्याचं म्हणणं चूक नसतं. एका चरानं पाच वर्षांची हमी वाहून जाते.

(दृश्य: चर बुजवणारा कामगार पाय आपटून माती दाबतो. कॅमेऱ्याकडे बघतो, हसतो.)

रोलरच्या जागी हा पाय आहे.

(दृश्य: शहराचा नकाशा. रस्ते वेगवेगळ्या रंगांत उमटतात.)

तक्रार कुणाकडे करायची, हा पुढचा घोळ. बारा मीटरपेक्षा अरुंद रस्ता क्षेत्रीय कार्यालयाकडे, रुंद रस्ता पथ विभागाकडे. कात्रज-देहूरोड बायपास राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. काही रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याचे, काही पीएमआरडीएचे, म्हणजे महानगर विकास प्राधिकरणाचे, आणि लष्कर भागात शिरलात की कॅन्टोन्मेंट बोर्डाचे. हद्द ओलांडताना डांबराचा रंग बदलतो. दुचाकीवाल्यांना हद्दी पाठ असतात, कंबरेनं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये सार्वजनिक रस्ते बांधणं आणि राखणं हे महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य म्हणून लिहिलंय. जमलं तर करा, अशा यादीत ते नाही.

(दृश्य: सोसायटीसमोरचा गतिरोधक. रिक्षा चढते, कलते, उतरते. निवेदक टेप लावतो.)

खड्डा वजा आणि हा अधिक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानुसार गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि गाडीच्या दिशेनं ३.७ मीटर रुंद असतो. पंचवीसच्या वेगानं गेलात तर नुसतं उचलल्यासारखं वाटावं. आमच्या टेपवर काय आलं बघा. उंची तेरा, रुंदी नव्वद सेंटिमीटर. हा शेताचा बांध आहे. वर पांढरे पट्टे नाहीत, अलीकडे फलक नाही.

तो झाला कसा, हेही ऐकण्यासारखं आहे. कोपऱ्यावर कुणाला तरी गाडीचा धक्का लागतो. सोसायटी पत्र लिहिते. नगरसेवकांच्या ‘स’ यादीतून, म्हणजे प्रभागातल्या कामांच्या निधीतून, पैसे निघतात. खरं तर मधे वाहतूक पोलिसांचा अभिप्राय हवा. कधी असतो, कधी नंतर येतो. एकेरी मार्ग, नो पार्किंग, वळण बंद, हे ठरवायचा अधिकार वाहतूक पोलिसांचा. ते आधी ‘प्रायोगिक तत्त्वावर’ आदेश काढतात आणि नागरिकांच्या सूचना-हरकती मागवतात. पट्टे रंगवायचे, फलक लावायचे महापालिकेनं. म्हणजे पाटीवरचा मजकूर एकाचा आणि पाटी दुसऱ्याची. मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत तर पुण्यात नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकाकडे होता. लोक पत्रं लिहीत होते, वरचं नाव तेवढं कोरं ठेवत होते.

(दृश्य: पावसात भरलेला खड्डा. वर तरंगणारं पान. दुचाकींचे दिवे जवळ येतात. निवेदन नाही. २० सेकंद.)

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं, की खड्ड्यामुळे मृत्यू झाला तर वारसांना सहा लाख आणि जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख भरपाई द्यायची.

(दृश्य: पुन्हा पहिली रात्र, तोच रस्ता. पहाट. रोलर थांबलेला. मुकादम कडेला बसून चहा पितो.)

पहाटेचे पावणेसहा. सात चौकोन भरून झाले. टोळीतल्या बायकांनी घमेली पालथी घालून ठोकली. एक काका स्कूटर घेऊन बॅरिकेडमधून घुसायला बघतात, कुणीतरी ओरडतं, “काका, थांबा, चाकाला चिकटेल!” काका थांबतात. पुण्यात हेही नोंदवून ठेवण्यासारखं आहे.

(दृश्य: निवेदक बादली घेऊन शेवटच्या चौकोनाजवळ येतो. मुकादम उठतो.)

बादली आमच्या गाडीत होतीच. पहिल्या सहा चौकोनांवरून पाणी सरळ कडेला गेलं. सातवा डंपरच्या मागच्या कोपऱ्यातल्या मालाचा.

(दृश्य: पाणी चौकोनाच्या वरच्या कडेशी थांबतं. तळहाताएवढं डबकं.)

बोटभर उंच राहिलाय. मुकादमानं चपलेनं पाणी ढकलून बघितलं. ते परत आलं. त्यानं रोलरवाल्याला हाक मारली.

(दृश्य: थर्मामीटर. काट्याचा क्लोज-अप.)

अडुसष्ट.

(दृश्य: रोलर दोनदा वरून जातो. बादलीतलं उरलेलं पाणी पुन्हा ओततात. डबकं तिथंच. बॅरिकेड उचलतात. पहिली पीएमपी बस.)