सावरकरांची उपयुक्ततेची कसोटी आणि पुण्यभूची अट

(अंबाजोगाई येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाशय आणि श्रोतेहो,

निमंत्रणपत्रिकेत आजचा विषय ‘सावरकरांचा राष्ट्रविचार’ असा छापला आहे. एवढा पसारा पाऊण तासात आवरणारा नाही, म्हणून त्यातली एकच गाठ मी आज सोडवायला घेतो. सावरकरांनी आपल्या समाजाच्या रूढींना जी कसोटी लावली, ती आपल्याच राष्ट्राच्या व्याख्येला लावली नाही, असे मला अनेक वर्षांपासून वाटत आले आहे. त्यांचे भक्त आणि त्यांचे विरोधक या दोघांनाही हे म्हणणे सारखेच आवडत नाही, त्यामुळे ते मांडायला मला मोकळे सभागृह क्वचितच मिळते.

पण आधी एक तक्रार. २८ मे जवळ आला की आपल्या भागात वक्तृत्वस्पर्धांचा हंगाम सुरू होतो. अशाच एका तालुक्याच्या गावी, गावाचे नाव सांगत नाही, मी परीक्षक होतो. स्पर्धकांमागून स्पर्धक येत होता आणि जो तो मार्सेलिसच्या समुद्रात उडी घेत होता. ती उडी १९१० च्या जुलैमधली, धाडसाचीच, त्याबद्दल वाद नाही. परंतु दुपारपर्यंत इतक्या उड्या झाल्या की शेजारच्या परीक्षकांनी माझ्या कानात, ‘आता तरी यांना कोणी पोहून किनाऱ्याला लागू द्या,’ असे म्हटले. (हशा.) मग एक सडपातळ मुलगा उभा राहिला. जुन्या दिनदर्शिकेच्या पानांच्या कोऱ्या पाठीवर त्याने भाषण लिहून आणले होते, आणि ती पाने पंख्याने उडू नयेत म्हणून डाव्या हाताचा पंजा टेबलावर दाबून धरून तो बोलत होता. त्याने सावरकरांचा गायीवरचा निबंध घेतला होता. गाय हा उपयुक्त पशू आहे, तिचे पालन करावे, पण तिला देव मानून माणसाने स्वतःला तिच्याहून हीन करून घेऊ नये, हा त्या निबंधाचा आशय त्याने न अडखळता सांगितला. सभेत चुळबुळ सुरू झाली. आयोजकांपैकी एकाने वेळ शिल्लक असतानाच घंटा वाजवली. निकालाच्या वेळी माझे गुण एकीकडे आणि उरलेल्या दोघांचे दुसरीकडे पडले. ‘मुलगा विषय सोडून बोलला,’ असा शेरा देऊन त्याला बाहेर ठेवण्यात आले. सावरकरांच्या जयंतीला सावरकरांचा निबंध हा विषयबाह्य कसा ठरतो, हे मला अजून कोणी समजावून दिलेले नाही.

तो मुलगा ज्या सावरकरांबद्दल बोलला, ते रत्नागिरीचे सावरकर होत. १९२४ ते १९३७ या स्थानबद्धतेच्या काळात राजकारणाला मज्जाव असल्यामुळे त्यांनी सगळी ताकद समाजाकडे वळवली. वेदोक्तबंदी (वेदविधींचा अधिकार नाकारणे), व्यवसायबंदी, स्पर्शबंदी, समुद्रबंदी, शुद्धिबंदी (परधर्मात गेलेल्यांना परत न घेणे), रोटीबंदी आणि बेटीबंदी अशा सात बेड्या त्यांनी मोजून दाखवल्या आणि त्या तोडायला सहभोजने घातली. भागोजीशेठ कीरांच्या द्रव्यसाहाय्याने १९३१ साली पतितपावन मंदिर उभे राहिले, तेथे जात न विचारता प्रवेश होता. ‘किर्लोस्कर’ मासिकातून त्यांनी यज्ञातल्या तुपापासून पोथीतल्या आज्ञेपर्यंत सगळ्यांचा हिशेब मागितला. अमुक ग्रंथात लिहिले आहे म्हणून नव्हे, तर आज त्याचा उपयोग काय, एवढाच त्यांचा प्रश्न असे. या कसोटीचे एक मूळ मला लंडनमध्ये दिसते. श्यामजी कृष्णवर्मांच्या शिष्यवृत्तीवर १९०६ साली ते तेथे गेले, आणि श्यामजी हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज तत्त्वज्ञाचे इतके चाहते होते की त्यांच्या नियतकालिकाच्या शिरोभागीच स्पेन्सरची वचने छापली जात. स्वतःच्या अंत्ययात्रेपुरतीही सावरकरांनी ही कसोटी पाळली. विद्युतदाहिनी वापरावी आणि आपल्यासाठी कोणी दुकाने बंद ठेवू नयेत, असे त्यांनी लिहून ठेवले होते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटे उरली आहेत. गायीने माझा बराच वेळ खाल्ला, तेव्हा मूळ मुद्दा घाईनेच मांडतो.

१९२३ च्या ‘हिंदुत्व’ या इंग्रजी ग्रंथात त्यांनी हिंदूची व्याख्या केली: सिंधूपासून समुद्रापर्यंतची भूमी ज्याची पितृभू, म्हणजे पूर्वजांची भूमी, आणि पुण्यभूही, म्हणजे धर्माची पवित्र भूमी, आहे, तो हिंदू. त्यामुळे बौद्ध, जैन आणि शीख आत आले. मुसलमान आणि ख्रिस्ती बाहेर राहिले, कारण त्यांची पुण्यभू दूर आहे. देशावर प्रेम करणाऱ्या बोहरा किंवा खोजा बांधवाचा विचार त्यांनी केला नाही असे नाही. रक्त, भूमी आणि संस्कृती जुळत असूनही पुण्यभूच्या एका अटीवर तो अडतो, हे ते उघड सांगतात. भगिनी निवेदितांना मात्र, पितृभू वेगळी असूनही, ते अपवाद म्हणून आत घेतात. म्हणजे पितृभूची अट सैल होऊ शकते, पुण्यभूची होत नाही.

रत्नागिरीच्या कसोटीने ही अट तपासा. माणसाचे तीर्थक्षेत्र कोठे आहे, यावर त्याची देशनिष्ठा ठरते, हे कोणत्या अनुभवाने सिद्ध झाले? आपल्या मराठवाड्याला हा प्रश्न पुस्तकी नाही. १९३८-३९ चा भागानगरचा, म्हणजे निजामाच्या हैदराबादेतला, निःशस्त्र प्रतिकार हिंदुमहासभेने चालवला आणि आर्यसमाजाच्या सत्याग्रहींनी निजामाचे तुरुंग भरले, त्याचे मोल मी कमी करत नाही. पण त्याच वेळी, याच गावच्या योगेश्वरी शाळेत शिकवलेले स्वामी रामानंद तीर्थ हैदराबाद स्टेट काँग्रेसचा लढा कोणत्याही एका धर्माचा ठरू नये म्हणून झटत होते. आणि ऑगस्ट १९४८ मध्ये, भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या त्या पोलीस कारवाईच्या काही आठवडे आधी, निजामाची बाजू घेणाऱ्या सशस्त्र रझाकारांनी हैदराबादेत ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचा खून केला, तो भारतात विलीन होण्याचा आग्रह धरल्याबद्दल. त्यांची पितृभू येथलीच होती. पुण्यभूच्या रकान्यात त्यांचे नाव बसत नाही. त्यांना मारणाऱ्यांचेही बसत नाही. एका बाजूला शोएबुल्ला आणि दुसऱ्या बाजूला त्यांचे मारेकरी, यांच्यातला फरक ज्या अटीला दाखवता येत नाही, ती राजकारणात काय उपयोगाची?

यावर उत्तर असे दिले जाते की १९३७ च्या अहमदाबादच्या अध्यक्षीय भाषणात सावरकरांनी सर्व नागरिकांना धर्मनिरपेक्ष समान मत आणि समान हक्क मान्य केले होते. ते खरे आहे. परंतु त्याच भाषणात हिंदू आणि मुसलमान ही येथली दोन राष्ट्रे आहेत, असेही ते म्हणाले. मतपेटीत सगळे समान असतील, तर राष्ट्राची वेगळी व्याख्या कोणते काम करते? तिचे काम घराचा मालक कोण आणि बिऱ्हाडकरू कोण हे ठरवण्यापुरते उरते, आणि ते ठरवण्यासाठी सावरकर उपयोगाकडे नव्हे, पावित्र्याकडे बोट दाखवतात. गायीच्या बाबतीत हेच बोट कोणी दाखवले असते, तर त्याला त्यांनी ‘किर्लोस्कर’च्या पुढच्याच अंकात फटकारले असते.