शस्त्रक्रियेआधी : यकृत किती कडक?

(प्रोबचं टोक, जवळून)

यकृताचा भाग कापण्याआधी ते किती कडक आहे, हे फायब्रोस्कॅन या यंत्राने मोजतात; प्रोब म्हणजे त्याचा हातात धरायचा भाग. त्याच्या टोकातून त्वचेवर एक ठोका बसतो. टिचकी मारल्यासारखा, दुखत नाही. त्यातून ५० हर्ट्झचा तरंग यकृतात शिरतो आणि तेच प्रोब अल्ट्रासाउंडने त्याचा माग काढतं. यकृत मऊ असेल तर तरंग रेंगाळतो, कडक असेल तर पळतो. सेकंदाला १ मीटर वेग म्हणजे ३ किलोपास्कल (कडकपणाचं एकक). वेग दुप्पट झाला की कडकपणा चौपट, म्हणजे १२.

(पेशंट टेबलावर, उजवा हात डोक्यामागे)

हात वर घेतल्यावर बरगड्यांमधली फट कशी रुंदावते, ते इथे दिसतं. काखेच्या मध्यातून खाली येणारी रेषा घ्यायची, छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाची पातळी घ्यायची आणि त्या दोन्हींच्या छेदाजवळची फट शोधायची. जेल हात राखून लावू नये. प्रोब त्वचेशी काटकोनात. दाब कमी-जास्त झाला तर यंत्र ठोकाच देत नाही. आधी साध्या सोनोग्राफीत पाहून ठेवलेलं बरं, म्हणजे तरंगाच्या वाटेत गाठ किंवा मोठी रक्तवाहिनी येणार नाही.

नेहमीचं प्रोब त्वचेखाली २५ ते ६५ मिलिमीटरमधलं मोजतं. चरबीचा थर जाड असेल तर एक्सएल प्रोब लावायचं; ते ३५ ते ७५ मिलिमीटरमध्ये पाहतं. प्रोब बदलायचा कंटाळा केला की हमखास चुकीचा आकडा येतो.

(स्क्रीन : तिरपा पट्टा)

पट्टा जितका उभा, तितका तरंग वेगवान. कडा फाटलेल्या, वाकड्या दिसल्या तर ते मोजमाप सोडून द्यायचं. एकूण १० वैध मोजमापं हवीत. अहवालात त्यांचा मीडियन, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधला आकडा, येतो आणि शेजारी आयक्यूआर, म्हणजे मोजमापं किती विखुरली आहेत ते. मीडियन ७ किलोपास्कलच्या पुढे असताना आयक्यूआर त्याच्या ३० टक्क्यांहून जास्त निघाला, तर पुन्हा मोजायचं. नुसता एक आकडा छापलेला अहवाल सर्जनने सरळ परत पाठवावा.

आता उपाशीपोटाचं. किमान ३ तास. जेवल्यावर यकृताकडे जाणारं रक्त वाढतं आणि आकडा फुगतो. चहा-बिस्किटावर ‘काही खाल्लं नाही’ म्हणणारे पुष्कळ, म्हणून नेमकं विचारायचं.

आकडा फुगवणारी आणखी कारणं : यकृताला आलेली सूज, हृदय कमकुवत असल्याने तुंबलेलं रक्त, अडलेली पित्तनलिका. कावीळ अडथळ्याची असेल तर आधी पित्ताला वाट करून द्यायची, मग पुन्हा मोजायचं. कडकपणा बराच उतरतो. पोटात पाणी असेल तर या पद्धतीने मोजताच येत नाही, कारण हा तरंग पाण्यातून पुढे जात नाही.

(फाइल, सीटीच्या फिल्म)

दीर्घ यकृतविकारात १० किलोपास्कलच्या खाली सहसा दिलासा, १५ च्या वर प्रगत आजाराची दाट शंका, २५ च्या वर पोर्टल शिरेतला (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेतला) दाब वाढलेला असण्याची बरीच शक्यता. सोबत रक्तातल्या प्लेटलेट्स, बिलिरुबिन आणि कापल्यावर यकृताचा किती भाग शिल्लक राहील, ते सीटीवर मोजून पाहायचं. निरोगी यकृत २० ते २५ टक्के उरलं तरी निभावतं; सिऱ्हॉसिसमध्ये, म्हणजे यकृत व्रण पडून कडक झालं असेल तर, साधारण ४० लागतात. तेवढं उरणार नसेल तर काढायच्या बाजूची पोर्टल शीर आधी बंद करून दुसरी बाजू वाढू द्यायची, कमी कापायचं, नाहीतर ऑपरेशन टाळायचं.