छापील वजन आणि हातातलं वजन

(मंडळाच्या शनिवारच्या सभेतलं भाषण, थोडं संपादन करून)

नमस्कार. पुढे या, पुढच्या रांगा रिकाम्या आहेत. टेबलावर तीन बॅटी आणि एक हातोडा दिसतोय. हातोडा कशाला, ते येईलच.

विषय तुम्हाला ठाऊक आहे. पोरगा आठवीतून नववीत जातोय, मार्चमध्ये शाळेच्या संघाची निवड आहे आणि त्याआधी बॅट घ्यायची आहे. मुलींच्या सॉफ्टबॉलच्या बॅटींचे नियम वेगळे आहेत, त्यावर वेगळं बसू. आज फक्त हायस्कूलचा बेसबॉल, अमेरिकेतला.

आपण सगळे क्रिकेटवर वाढलो. सांगलीला माझ्या मोठ्या काकांनी मला पहिली सीझनची बॅट आणली तेव्हा ती महिनाभर मैदानात नेऊ दिली नव्हती. रोज रात्री जेवण झालं की जुन्या बनियनच्या चिंधीने तिला जवसाचं तेल पाजायचं, आडवी ठेवून सुकवायची, आणि मग मोज्यात घातलेल्या जुन्या चेंडूने तासभर टकटक टकटक ठोकत बसायचं. कडा आधी, मग मधला भाग. शेजारच्या आजी विचारायच्या, "अरे, घरात सुतार आलाय का?" काका म्हणायचे, "बॅट तयार होतेय, आजी." हे इतकं सविस्तर सांगतोय, कारण बॅट विकत आणली म्हणजे काम संपलं असं मला लहानपणापासून कधी वाटलंच नाही. आणि तरीही इथे आल्यावर, स्वतःच्या मुलासाठी बॅट घेताना मी दोनदा चुकलो. त्या दोन चुकांसाठीच मी आज उभा आहे.

पहिली चूक. मुलगा नववीत होता. फेब्रुवारीत आम्ही एका दुकानात गेलो. नाव घेत नाही, नावात काही नाही. मी विक्रेत्याला सरळ सांगितलं, "हायस्कूलची बॅट हवी." त्याने 32 इंचांची, 27 औंसांची एक काळी-लाल बॅट हातात दिली. "या वयाची चांगली मुलं हीच घेतात," म्हणाला. साडेतीनशे डॉलर. मुलाने दोनदा फिरवली आणि त्याचा चेहरा असा उजळला की मी पुढे काही विचारलंच नाही. ती बॅट महिनाभर त्याच्या उशाशी होती.

एप्रिलमधला सामना. थंडी होती, आम्ही पालक चादरी गुंडाळून बसलेलो. दोघे बेसवर असताना याने डाव्या बाजूच्या मोकळ्या जागेत असा चेंडू मारला की दोन्ही धावा आल्या आणि हा दुसऱ्या बेसवर उभा. आमच्या बाकावर नुसता जल्लोष. तेवढ्यात समोरचे प्रशिक्षक शांतपणे चालत अंपायरकडे गेले आणि जमिनीवर पडलेल्या बॅटकडे बोट दाखवलं. अंपायरने बॅट उचलली, मूठ वर करून फिरवली, शिक्का वाचला. मग त्याने मुलाला बाद दिलं. दोन्ही धावा रद्द, खेळाडू आपापल्या बेसवर परत, आणि आमच्या प्रशिक्षकांना उरलेला सामना डगआउटमध्ये, म्हणजे संघाच्या बाकावरच, बसून राहायला सांगितलं. कारण सामन्याआधी "आमच्या संघाचं सगळं साहित्य नियमात बसतं" हा शब्द त्यांनी दिलेला असतो. माझ्यामुळे त्या भल्या माणसाचा शब्द खोटा पडला.

गाडीत मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाबा, मी काही चुकीचं केलं का?" त्या वाक्याला आता सहा वर्षं झाली. ते अजून माझ्या कानात आहे.

दुकानात परत गेलो. वापरलेली बॅट ते घेईनात. "शिक्का तुम्ही बघायला हवा होता." माझी तक्रार आजही तीच आहे. चौदा वर्षांच्या पोराला बॅट विकणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारायला हवा, की हा खेळणार कुठे? शाळेच्या संघात की बाहेरच्या क्लबमध्ये? हा एक प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत. तो विचारणार नसेल तर तुम्ही आपणहून सांगा, आणि तिथेच उभं राहून शिक्का वाचा.

कुठला शिक्का? बीबीसीओआर .50, म्हणजे बॅटवरून चेंडू किती उसळावा याच्या मर्यादेचा. ही अक्षरं आजच्या भाषणातून एवढी एकच घेऊन गेलात तरी चालेल. यूएसएसएसए असं लिहिलेली असते ती क्लबच्या स्पर्धांसाठी. आमची तीच होती. यूएसए बेसबॉलचा शिक्का असतो तो लहान मुलांच्या लीगचा, 2018 पासूनचा. शाळेच्या सामन्यात या दोन्ही चालत नाहीत. एकसंध लाकडाची बॅट मात्र शिक्क्याशिवाय चालते. शिवाय लांबीच्या इंचांतून वजनाचे औंस वजा केले तर उत्तर तीनच्या वर जाता कामा नये. याला इथे ड्रॉप थ्री म्हणतात. 33 इंचांची बॅट किमान 30 औंसांची हवी, 32 ची किमान 29 ची. आमची 32 आणि 27, म्हणजे वजाबाकी पाच. मला वजाबाकी येत होती, नियम माहीत नव्हता.

हा नियम का आला, हे मुलांना जरूर सांगा. लाकडी बॅट भरीव असते. चेंडू तिच्यावर आदळला की चेंडूच चेपतो आणि त्या चेपण्यात बरीच ताकद वाया जाते. धातूची किंवा कॉम्पोझिटची, म्हणजे कार्बनच्या तंतूंसारख्या मिश्र साहित्याची, बॅट पोकळ असते. तिची भिंत दबते आणि उसळून परत येते, चेंडू कमी चेपतो, म्हणून जास्त वेगाने सुटतो. आता पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, कुठे उभा असतो? फलंदाजाजवळच्या प्लेटपासून 60 फूट 6 इंचांवर. चेंडू टाकून पाऊल पुढे पडलं की आणखी जवळ. 2003 साली मोंटानातल्या हेलेना इथे अठरा वर्षांच्या एका पिचरच्या डोक्याला ॲल्युमिनियमच्या बॅटवरून आलेला चेंडू लागला आणि तो मुलगा गेला. असे प्रसंग आणि कॉम्पोझिट बॅटी वापरून वापरून आणखी उसळत्या होतात ही अडचण, दोन्ही समोर होती. मग कॉलेजांनी 2011 पासून आणि हायस्कूलांच्या राष्ट्रीय महासंघाने 1 जानेवारी 2012 पासून बीबीसीओआर लावलं. आदळल्यावर चेंडू आणि बॅट ज्या वेगाने दूर जातात, त्याचं आदळण्याआधी जवळ येण्याच्या वेगाशी प्रमाण 0.50 च्या वर जायला नको. ढोबळमानाने, पोकळ बॅटीने लाकडासारखं वागायचं. परिणाम ताबडतोब दिसला. कॉलेजच्या सामन्यांत दर संघामागे 2010 मध्ये सरासरी 0.94 होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) होत होत्या, 2011 मध्ये त्या 0.52 वर आल्या.

इथे मला लिली आठवतोच. डिसेंबर 1979, पर्थ. ऑस्ट्रेलियाचा डेनिस लिली इंग्लंडविरुद्ध ॲल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला, इंग्लंडचा कर्णधार ब्रिअर्लीने चेंडू खराब होतो म्हणून तक्रार केली, आणि शेवटी लिलीने ती बॅट संतापून भिरकावली. 1980 च्या नियमावलीत बॅटचं पातं लाकडाचंच हवं असं आलं आणि क्रिकेटने तो विषय मिटवून टाकला. बेसबॉलमध्ये मोठ्या लीगने लाकूड धरून ठेवलं, पण कॉलेजांनी 1974 मध्ये ॲल्युमिनियमला दार उघडलं. लाकडी बॅट मोडते, दर मोसमात नव्या घ्याव्या लागतात, धातूची टिकते. खर्चाचा हिशेब होता तो. त्या दारातून काय काय आत आलं, ते आवरायला पुढची चाळीस वर्षं गेली.

आता दुसरी चूक, आणि ती इथे बहुतेक सगळे करणार आहेत. आपल्याकडे शाळेचा गणवेश कसा शिवायचे? वाढत्या अंगाचा. बाह्या दुमडायच्या, चड्डीला आत दोन बोटं कापड सोडायचं. मी दुसरी बॅट तशीच घेतली. शिक्का तपासला, वजाबाकी केली आणि 33 इंचांची, 30 औंसांची आणली. म्हटलं, पोरगा उंच होतोय, दोन वर्षं पुरेल. तीही बरीच महाग होती.

त्या मोसमात त्याचे फटके उजवीकडे रेषेबाहेर जायला लागले. एकामागून एक फाउल. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू सारखा उजवीकडे जातोय, म्हणजे बॅट उशिरा पोचतेय. प्रशिक्षक म्हणाले पाय बदल, कोणी म्हणालं कोपर वर घे. त्याने सगळं बदललं. एके दिवशी सरावात त्याने मित्राची 32 इंची बॅट सहज उचलली आणि चेंडू पुन्हा समोर जायला लागले. मला वाटलं, एका औंसाने एवढा फरक? एक औंस म्हणजे 28 ग्रॅम. चिमूटभर फुटाणे. दोन्ही बॅटी घरी आणून काट्यावर ठेवल्या. फरक तेवढाच, 28 ग्रॅमच्या आसपास.

आता हातोडा. (हातोडा उचलून) हा दांड्याकडून धरतो आणि मनगटाने असा डावी-उजवीकडे हलवतो. बघा, जड जातोय, मनगट थकतंय. आता उलटा करून लोखंडाकडून धरतो. तसाच हलवतो. हलका! हातोडा तोच, वजन तेच. बदललं काय? वजन हातापासून किती लांब आहे, ते. भौतिकशास्त्रात याला जडत्वाचा आघूर्ण म्हणतात. इथे खेळाडू त्याला स्विंग वेट म्हणतात. मी त्याला हातातलं वजन म्हणतो. बॅटवर छापलेलं असतं ते काट्यावरचं वजन. पोराच्या मनगटाला कळतं ते हातातलं वजन, आणि ते बहुतेक बॅटींवर छापलेलंच नसतं.

ही माझ्या घरची गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. इलिनॉय विद्यापीठाचे ॲलन नेथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॉफ्टबॉलच्या खेळाडूंच्या हातात दोन प्रकारच्या बॅटी दिल्या. काहींचं वजन सारखं पण वाटणी वेगळी, काहींची वाटणी अशी की हातातलं वजन सारखं पण काट्यावरचं वेगळं. फिरवण्याचा वेग हातातल्या वजनाप्रमाणे बदलला, काट्यावरच्या वजनाने त्यात जवळजवळ काही फरक पडला नाही. माझ्या मुलाची 33 ची बॅट टोकाला वजन भरलेली होती, एंड-लोडेड. मित्राची होती समतोल, बॅलन्स्ड. दोघींतला खरा फरक तिथे होता.

आणि वेळ किती असतो बघा. ताशी 80 मैलांचा चेंडू हातातून सुटून प्लेटवर यायला साधारण अर्धा सेकंद घेतो. ज्या पोराची बॅट चटकन वळते, तो चेंडू अंमळ जास्त वेळ बघू शकतो. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला त्या जास्तीच्या क्षणाइतकी मोठी भेट तुम्ही देऊ शकत नाही.

चिठ्ठी आली आहे. सात मिनिटं. बरं, मग राहिलेलं भराभर सांगतो, लिहून घ्या.

किंमत. शिक्का असलेल्या सगळ्या बॅटींना उसळीची मर्यादा एकच आहे. पाचशे डॉलरची बॅट ती ओलांडू शकत नाही, ओलांडली तर ती बेकायदा. जास्तीचे पैसे जातात ते हातातल्या अनुभवासाठी, चेंडू अचूक न लागताही बरा जावा यासाठी, झिणझिण्या कमी याव्यात यासाठी. पहिल्या वर्षी मधल्या किमतीची किंवा मागच्या वर्षीचं मॉडेल घ्या.

साहित्य. एकसंध ॲल्युमिनियमची बॅट कडक असते, पहिल्या दिवसापासून तयार असते, थंडीत चालते. पण मुठीजवळ चेंडू लागला की हात झिणझिणतात. दोन तुकडे जोडलेल्या बॅटीत ते बरंच कमी होतं. कॉम्पोझिट मऊ लागते, पण ती काकांच्या बॅटसारखी तयार करावी लागते. हलक्या हाताने शंभर-दोनशे चेंडू, आणि दर फटक्याला बॅट पाव वळसा फिरवायची. थंडीत तिला तडे जातात. साधारण 60 फॅरनहाइटखाली बाहेर काढू नका, म्हणजे आपल्याकडच्या मार्चमध्ये नाहीच. आणि रोलरखालून दाबून बॅट "गरम करून देतो", म्हणजे जास्त उसळती करून देतो, म्हणणाऱ्यांकडे कृपा करून जाऊ नका. ती फसवणूक आहे, आणि समोर उभा असतो तोही कुणाचा तरी मुलगाच.

लांबी. प्लेट 17 इंच रुंद असते. पोराला नेहमीच्या जागी उभं करा, बॅटचा जाड भाग पलीकडच्या कडेवर नीट पोचला की लांबी पुरेशी आहे. नववीत बहुतेकांना 31 किंवा 32 पुरते.

पारख. दुकानात दोनदा हवेत फिरवून काही कळत नाही. मित्रांच्या बॅटी मागून घ्या. टीवर, म्हणजे चेंडू ठेवायच्या उभ्या दांड्यावर, चेंडू ठेवून दहा फटके मारायला लावा, फोनवर स्लो मोशनमध्ये टिपा आणि दहावा फटका बघा. पहिला सगळेच चांगला मारतात. दहाव्याला टोक खाली पडतंय, हात आधी आणि बॅट मागून येतेय, तर ती बॅट त्याची नाही. पायाला मारायचा पावडरचा स्प्रे मिळतो, तो बॅटवर हलका मारा. चेंडू लागला की ठसा उमटतो. ठसे टोकापासून साधारण सहा इंचांवर एका जागी गोळा होतायत की मुठीपासून टोकापर्यंत विखुरलेत, ते डोळ्यांना दिसेल.

वेळ संपली. या तीन बॅटी तिन्ही 32 इंची आहेत, तिन्ही शिक्क्याच्या आहेत, आणि सकाळी मी त्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलल्यात. आकड्यांवर पांढरी चिकटपट्टी लावली आहे. मुलांनो, तुम्ही आधी या. बाहेर पार्किंगमध्ये मोकळी जागा आहे, एकेकाने लांब उभं राहून फिरवा आणि सगळ्यात जड कुठली ते मला सांगा. आईबाबांनी तोवर काही बोलायचं नाही. पट्ट्या नंतर काढू.