नेहमीचं म्हणजे काय?

नमस्कार मंडळी,

अध्यक्षांनी मला दहा मिनिटे दिली आहेत आणि ‘आपली परंपरा आणि पुढची पिढी’ असा भारदस्त विषय दिला आहे. महिन्यापूर्वी या विषयावर मी तासभर बोललो असतो आणि तुम्हालाही ते सवयीने सोसले असते. आज मात्र जीभ जड झाली आहे, कारण मधल्या काळात आमच्या घरी एक भांडण झाले आणि त्यात पुढच्या पिढीने मला एक साधा प्रश्न विचारला.

डिसेंबरात मुलीचे लग्न आहे, नागपुरात. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत नागपुरात पाहुण्यांना उतरायला खोल्या मिळवणे म्हणजे काय असते, ते इथल्या वैदर्भीयांना सांगायला नको. खोल्या मिळाल्या, आचारी ठरला, सांभारवडी की पाटोडी हा वादही एकदाचा मिटला, आणि घोडे अडले ते संगीतावर. मुलीने यादी तयार ठेवली होती: हळदीला अमुक गाणी, वरातीला तमुक, रात्री डीजे, आणि मुहूर्ताच्या वेळी मंद पियानो. पियानो म्हटल्याबरोबर माझा तोल गेला. लग्नाला सनईच हवी, तीही समोर बसून वाजवलेली, चौघड्यासकट, असे मी वरणाची वाटी हिंदकळेल इतक्या जोराने टेबलावर हात आपटून सांगितले.

तिने शांतपणे विचारले, “बाबा, लग्न सोडून तुम्ही सनई कधी ऐकता?”

मी लगेच उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांच्यावर व्याख्यान सुरू केले. काशीच्या बालाजी मंदिरातला त्यांचा रियाज, मांडवाच्या दारातले वाद्य त्यांनी मैफलीच्या मंचावर कसे नेले, २००१ साली मिळालेले भारतरत्न, सगळे सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “हो, पण ऐकता कधी? गाडीत तर कधीच लावली नाहीत.” गाडीत मी काय लावतो ते या व्यासपीठावरून सांगणार नाही, आमच्या सौभाग्यवती पहिल्याच रांगेत बसल्या आहेत आणि आत्ताच हसत आहेत.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सनई म्हटले की मला नागपूरच्या महाल भागातला आमचा वाडा आणि ताईच्या लग्नाचा मांडव आठवतो. दाराशी सतरंजीवर तिघे बसले होते. एक वाजवणारा, एक गाल फुगवून नुसता सूर धरणारा आणि एक चौघड्यावर. सनईच्या गळ्याशी दोऱ्याला बांधलेल्या जादा पत्त्या, म्हणजे तोंडाशी लावून फुंकायच्या जिभल्या, लोंबत होत्या, आणि वाजवणारा थांबला की पत्ती ओठांत धरून ओली करून घ्यायचा. इतके बारकावे मला का आठवावेत? कारण आम्ही सात-आठ पोरे बरोबर त्याच्या तोंडासमोर चिंच चोखत उभी होतो. तुम्ही हसता आहात, म्हणजे तुम्हीही कुठल्यातरी मांडवात उभे होतात. तेव्हा मुलीच्या प्रश्नाचे खरे उत्तर असे, की मी सनई मन लावून ऐकली ती आयुष्यात एकदाच, आणि तीही ती कधी बंद पडते हे पाहण्यासाठी. मोठी माणसे तर मानपान आणि रुसलेल्या आत्यांमध्ये गुंतलेली. वाजंत्री सर्वांत शेवटच्या पंगतीला जेवले. त्यांची नावे घरात कोणालाही ठाऊक नव्हती.

धीर मिळावा म्हणून नागपूरला दादाला फोन केला, तर तो म्हणाला, “अबे, इथं कोण ऐकून राहिलं सनई? कार्यालयवाला पेनड्राइव्ह लावते, भाड्यातच येते ते.” म्हणजे ज्या नागपूरच्या नावाने मी इथे हात आपटत होतो, ते नागपूर केव्हाच पुढे निघून गेले आहे.

आणि आपण तरी काय करतो? गेल्या गणेशोत्सवात आरतीच्या आधी आपण याच सभागृहात सनई लावली होती. मोबाइलवरून. मध्येच गाडीच्या विम्याची जाहिरात वाजली आणि आपण सगळे हात जोडून ती संपण्याची वाट पाहत उभे राहिलो. नंतर एका पाहुण्यांनी हळूच सांगितले, की संध्याकाळी सात वाजता तुम्ही तोडी लावली होती, तो सकाळचा राग आहे. सांस्कृतिक समितीचा प्रमुख या नात्याने मी ‘अर्थातच’ अशी मान डोलावली. सांस्कृतिक समितीचा प्रमुख अजूनही मीच आहे.

भांडण मिटावे म्हणून मुलीनेच तोड काढली. पियानो रद्द, पण एक मंगलाष्टक बाबांनी स्वतः लिहून म्हणायचे. मला वाटले, सोपे आहे. मंगलाष्टकाचे वृत्त शार्दूलविक्रीडित, ओळीला १९ अक्षरे, बाराव्या अक्षरावर यती म्हणजे थांबा, हे शाळेत घोकलेले होते. पण माझी पहिलीच ओळ २१ अक्षरांची झाली. त्यात होणाऱ्या जावयाचे नाव तीन लघू अक्षरांचे, आणि या वृत्तात लागोपाठ तीन लघू एकाच जागी येतात, नवव्यापासून अकराव्या अक्षरापर्यंत. मुलगी शेजारी येऊन बसली आणि बोटांवर मोजू लागली. नाव जागेवर बसले आणि पुढचे ‘ला’ नेमके यतीवर पडले, तेव्हा ती एवढ्या आनंदाने ओरडली, की मला तिच्या लहानपणीच्या पाढ्यांची आठवण झाली. दोन तास आम्ही एक ओळ म्हणत होतो. माझा आवाज आपल्या कोजागिरीत तुम्ही ऐकलेला आहे, तेव्हा अंतरपाट धरणाऱ्यांनी आपापले हात आधीच शेकून यावे.

सनईचा विषय मी सोडून दिला होता, तेवढ्यात मागच्या आठवड्यात दादाचा फोन आला. त्याने बर्डीपासून इतवारीपर्यंत विचारपूस करून एक सनईवादक शोधून काढला आहे. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या आहेत: मुहूर्त सकाळचा की गोरज, आणि काय वाजवायचे. मुहूर्त गोरज आहे, ते कळवले. दुसऱ्या प्रश्नाला मी ‘नेहमीचं वाजवा’ असे लिहून ठेवले होते. मुलीने मागून वाचले आणि विचारले, “नेहमीचं म्हणजे काय?”

निरोप अजून पाठवलेला नाही.